मंडळीनं गावं म्हणून

29 जानेवारीच्या संध्याकाळी दिल्लीत विजय चौकात सैन्याचे बँड शेवटी शेवटी जी एक संथ धून वाजवायचे, ती टीव्हीसमोर बसणाऱ्या बहुतेकांच्या कानात असेल. 'अबाइड विथ मी'. गांधीजींना आवडायची म्हणून बीटिंग रिट्रीटमध्ये ती वर्षानुवर्षं होती; 2022 पासून कार्यक्रमातून गेली. शब्द हेन्री लाइट या अँग्लिकन पाळकाचे, तो 1847 साली वारला. आज सगळे ओळखतात ती चाल विल्यम मंक यांची, 1861 सालची. ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तिचे शब्द ठाऊक असणार. तरी ती सुरू झाली की आमच्या घरात कुणी बोलत नसे, आणि आमच्याच काय, शेजारच्या मारवाडी कुटुंबातही नसे. शब्द नाहीत, गायक नाही, नुसती पितळी वाद्यं आणि मधूनच घंटेचा टोला. माणसं गप्प का होतात?

या प्रश्नाशी माझा संबंध पुढे बराच जवळून आला. नव्वदच्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या चर्च-कॉलेजात शिकत असताना मी तिथल्या ब्रास ग्रुपमध्ये युफोनियम, म्हणजे ट्यूबाच्या जातीचं पण लहान पितळी वाद्य, वाजवत होतो. ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन, युफोनियम, ट्यूबा असे दहाबारा जण, एक पंधरा सीटची व्हॅन, मागे वाद्यांचा ट्रेलर. रविवारी पहाटे निघायचं, कुठल्यातरी गावातल्या चर्चमध्ये उपासनेला वाजवायचं, जेवायचं आणि संध्याकाळपर्यंत होस्टेलवर परत. वसंताच्या सुट्टीत आठवडाभराचा दौरा. कार्यक्रमात बाख, गाब्रिएली वगैरे जुने युरोपीय रचनाकार असायचे, पण खरं काम गीतांचं. चर्चमध्ये सगळी मंडळी उभी राहून गाते ती गीतं.

मी तिथे पोचलो तो नगरचा एक मुलगा म्हणून. नगर म्हणजे आताचं अहिल्यानगर. आमचं घराणं अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतलं, पण आईचं माहेर मुक्तिफौजेतलं. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संघटनेला आमच्याकडे मुक्तिफौजच म्हणतात, आणि नगरकरांना ती बूथ हॉस्पिटलमुळे माहीत आहे. ही मंडळी 1882 साली मुंबईत आली. फ्रेडरिक टकर हे त्यांचे पुढारी. रस्त्यावरून वाजतगाजत जाण्यावरून त्यांचे पोलिसांशी खटके उडाले, टकर तुरुंगातही गेले. वाजवत जाणं हा त्यांच्या भक्तीचा भाग होता, तो सोडायची त्यांची तयारी नव्हती. माझ्या मामांमध्ये तो बाणा पुरेपूर उतरला होता. मामा बँडमध्ये युफोनियम वाजवत. मेरठच्या जली कोठीत बनलेलं वाद्य, दोन ठिकाणी डाग दिलेलं, चिंच आणि राखेनं घासून लख्ख ठेवलेलं. मी त्यांच्याकडे शिकलो. पहिले काही महिने त्यांनी मला एकही गाणं वाजवू दिलं नाही, एकेक स्वर लांब धरायला लावला. "आधी श्वास सरळ कर. चाल काय, चाल येते," म्हणायचे.

अमेरिकेत गेल्यावर पहिली अडचण आली ती वाचण्याची. मुक्तिफौजेच्या बँडमध्ये ब्रिटिश पद्धत. क्लेफ म्हणजे कुठल्या रेषेवर कुठला स्वर हे ठरवणारी खूण. कॉर्नेटपासून मोठ्या बेसपर्यंत जवळजवळ सगळ्यांचे कागद ट्रेबल क्लेफमध्ये लिहितात, म्हणजे एक वाद्य येणारा दुसरं वाद्य हातात घेऊन लगेच वाजवू शकतो. गावोगावच्या साध्या माणसांना बँडमध्ये घ्यायचं तर ही फार सोयीची युक्ती आहे. अमेरिकन कॉलेजात मात्र युफोनियम आणि ट्रॉम्बोनचे कागद बास क्लेफमध्ये. त्याच रेषा, त्याच जागा, पण स्वर वेगळेच. शेजारच्या ट्रॉम्बोनवाल्या मुलीनं एक वाट दाखवली. टेनर क्लेफ नावाची तिसरी एक लिपी असते. मामांच्या ट्रेबल क्लेफमध्ये दुसऱ्या रेषेवरचा स्वर युफोनियमवर जो वाजतो, नेमका तोच टेनर क्लेफमध्येही दुसऱ्या रेषेवर बसतो. शार्प-फ्लॅटचा, म्हणजे स्वर चढवायच्या-उतरवायच्या खुणांचा, हिशेब तेवढा बदलायचा. म्हणजे टेनर क्लेफ मला न शिकता येत होता. तिथून बास क्लेफपर्यंत जायला फार वेळ लागला नाही.

आमचे प्रोफेसर स्वतः ट्रम्पेट वाजवत. उंच, किडकिडीत, बोलायला अतिशय हळू. त्यांचा एक नियम होता: कुठलंही गीत वाजवायच्या आधी ते उभं राहून गायचं. सगळी कडवी. आवाज चांगला असो नसो. मगच वाद्य उचलायचं. नवीन मुलांना हे विचित्र वाटायचं, मला वाटलं नाही. भजनाची चाल आधी गळ्यात असावी लागते हे आमच्याकडे कुणी सांगावं लागत नाही. पण ते पुढे जे करायचे ते मात्र मला नवीन होतं. पेन्सिल घ्यायला लावायचे, आणि शब्दांत जिथे स्वल्पविराम आहे, वाक्य संपतं आहे, किंवा ओळ संपली तरी वाक्य पुढच्या ओळीत वाहत गेलं आहे, तिथे प्रत्येकाला आपापल्या कागदावर खूण करायला सांगायचे. ओळ संपली म्हणून श्वास घ्यायचा नाही. वाक्य संपलं तर घ्यायचा. आणि चाल तीच असली तरी प्रत्येक कडव्याची वाक्यं वेगळी, म्हणून प्रत्येक कडव्याचे श्वासही वेगळे.

उदाहरणच सांगतो. 'होली, होली, होली' हे गीत रेजिनाल्ड हेबर यांचं. हेबर 1823 पासून कलकत्त्याचे बिशप होते, हिंदुस्थानभर फिरले, 1826 साली तिरुचिरापल्लीला वारले. त्यांच्या मागे बऱ्याच वर्षांनी, 1861 साली, जॉन डाइक्स यांनी त्याला चाल दिली आणि चालीचं नाव ठेवलं 'नायसिया'. 325 साली ज्या नगरात धर्मसभा भरून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांबद्दलच्या श्रद्धेची मांडणी झाली, त्या नगराचं नाव. चालीची सुरुवात आपल्या भाषेत लिहायची तर सा सा, ग ग, प प. तीनदा 'पवित्र', आणि प्रत्येक वेळी एक पायरी वर. त्या तीन स्वरांत मिळून पूर्ण स्वरसंघात, म्हणजे कॉर्ड, उभा राहतो. त्रैक्याचं गीत आणि चालीच्या पायालाच तीन स्वर. डाइक्स यांनी हे जाणूनबुजून केलं असणार याबद्दल मला शंका नाही.

आता हे वाजवायचं कसं? प्रत्येक 'पवित्र'नंतर स्वल्पविराम आहे, तिथे स्वर किंचित उचलायचा, पण श्वास घ्यायचा नाही. घेतला तर तीन वेगवेगळ्या हाका होतात. नाही उचलला तर सगळं एकत्र वितळतं आणि तीनपण जातं. उचलायचं म्हणजे किती, तर जीभ स्वराला पुन्हा स्पर्श करण्याआधी जेवढी जागा लागते तेवढं. दहाबारा माणसांनी हे एकाच क्षणी, एकाच मापानं करायचं. आम्ही एका संध्याकाळी फक्त हे सहा स्वर वाजवत बसलो होतो. बाहेर बर्फ पडत होतं, मेस बंद व्हायची वेळ झाली होती, आणि प्रोफेसर डोळे मिटून म्हणत होते, "अजून मला शब्द ऐकू येत नाहीत." मग कधीतरी ते आलं. कसं आलं सांगता येत नाही, पण खोलीतल्या प्रत्येकाला कळलं, आणि आम्ही पुढची ओळ न थांबता वाजवत गेलो.

माणसं शब्दांवाचून गप्प का होतात, याचं माझ्यापुरतं उत्तर मला त्या खोलीत मिळालं. वाजवणाऱ्याच्या श्वासात शब्द असतात. ऐकणाऱ्याला ते कळत नसतील, पण कुणीतरी काहीतरी सांगतं आहे, मधे थांबतं आहे, पुन्हा सांगतं आहे, हे कळतं.

रविवारचं काम याहून वेगळं होतं, आणि माझ्या मते जास्त मोलाचं. कार्यक्रमात लोक आपल्याला ऐकतात. उपासनेत आपण लोकांना गायला लावायचं असतं. दोनशे माणसं, त्यांतली निम्मी साठीच्या पुढची, कुणाचा आवाज फाटलेला, कुणाला ताल नाही, एखाद्या बाईचा नवरा नुकताच गेलेला आणि तिला ओळ पुरी करता येत नाही. या सगळ्यांना एका श्वासात आणायचं. प्रोफेसर म्हणायचे की लय ठरवायची ती शेवटच्या बाकावरच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे बघून: त्याला जेवढ्या वेळात श्वास घेता येईल तेवढा वेळ द्यायचा. सुरुवातीला चालीची शेवटची ओळ आपण वाजवायची म्हणजे सूर आणि लय दोन्ही लोकांना मिळतात. पहिलं कडवं भरदार, म्हणजे लाजणाऱ्याला आडोसा मिळतो. दुसरं थोडं हलकं. तिसऱ्या कडव्याला वाद्यं खाली ठेवायची.

या तिसऱ्या कडव्याची मी प्रत्येक रविवारी वाट बघायचो. आपण थांबलो की मंडळी क्षणभर चपापते, आणि मग लोकांना स्वतःचा आवाज ऐकू येतो. शेजारच्याचा ऐकू येतो. पुस्तकात चाल आणि तिच्याबरोबर गायच्या तीन सुरावटी, असे चारी आवाज छापलेले असतात, आणि या जुन्या मंडळ्यांतल्या शेतकऱ्यांना, शिक्षिकांना, गॅरेजवाल्यांना ते वाचता यायचे, किंवा आईबापांशेजारी उभं राहून राहून पाठ झालेले असायचे. कुणी खालचा धरी, कुणी मधला. मग चौथ्या कडव्याला आम्ही पुन्हा उठायचो, ट्रम्पेट मंडळीच्या वरून जायचे, आणि छत जरा उंच झाल्यासारखं व्हायचं. चांगलं वाजवणं म्हणजे कुठे न वाजवणं हे मी पुस्तकांतून खूप वाचलं आहे. पण त्या तिसऱ्या कडव्यात मांडीवर वाद्य ठेवून उभ्या माणसांकडे बघत बसणं ही गोष्टच वेगळी.

थंडीबद्दलही सांगायला हवं, कारण पितळी वाद्यं वाजवणाऱ्याचं निम्मं आयुष्य तिच्याशी झगडण्यात जातं. हवा थंड झाली की तिच्यातून आवाज हळू धावतो आणि फुंकवाद्याचा सूर उतरतो. नळीतली हवा दहा अंश सेल्सिअसनं गार असेल तर सूर अर्धस्वराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका खाली येतो. जानेवारीत गावाकडची चर्चं शनिवारी रात्रभर बंद असायची, हीटर पहाटे लावलेला. ऑर्गनच्या नळ्या गारच, म्हणून ऑर्गन उतरलेला. आम्ही मात्र श्वासानं आपापलं वाद्य तापवत चढत जायचो. पहिल्या गीताला जुळलेलं तिसऱ्या गीताला फाटायचं. म्हणून उपासनेआधी दहा मिनिटं कुणीही स्वर न काढता नुसती फुंकर घालत बसायचं, आणि मुखनळी गाडीत खिशात ठेवायची. पाणी साचतं ते थुंकी नव्हे, गरम श्वासाचं दहिवर. सतरंजीवर पडू नये म्हणून प्रत्येकाच्या खुर्चीखाली जुना टॉवेल.

स्वरांची निवडही वाद्यांच्या सोयीनं करावी लागे. गीतांच्या पुस्तकात पुष्कळ चाली डी किंवा ई मेजर या पट्ट्यांत असतात. गळ्याला, ऑर्गनला काही फरक पडत नाही. पण ट्रम्पेटला डी म्हणजे चार शार्प. मग अर्धा स्वर चढवून किंवा उतरवून ई फ्लॅटवर आणायचं. ते आलं की सगळ्या वाद्यांच्या नळ्या मोकळ्या झाल्यासारख्या वाजतात.

लँकॅस्टर परगण्यातल्या एका मेनोनाइट मंडळीनं आम्हाला बोलावलं होतं. मेनोनाइट हा एक जुना ख्रिस्ती पंथ. या लोकांची जुनी रीत वाद्यांशिवाय गाण्याची, आणि त्या मंडळीत ती अजून बरीच पाळली जायची. आम्ही उपासना झाल्यावर बाहेरच्या हिरवळीवर वाजवावं असं ठरलं होतं. उपासनेत आम्ही रिकाम्या हातांनी बसलो. मधेच कुणीतरी नुसतं "606" म्हणालं. कुणी पुस्तक उघडलं नाही. सगळे उठले आणि चार आवाजांत एक लांबलचक, एकमेकांच्या मागून धावणारं स्तोत्र सुरू झालं. 1969 सालच्या त्यांच्या गीतपुस्तकात ते 606 क्रमांकाला होतं. पुढच्या पुस्तकात क्रमांक बदलला, पण लोक त्याला 606च म्हणत राहिले. लहान पोरंसुद्धा आपापला आवाज धरून. माझ्या शेजारचा ट्यूबावाला, एरवी कशानं न हलणारा मुलगा, ते संपल्यावर कितीतरी वेळ खाली बसलाच नाही. बाहेर वाजवताना आम्ही त्या दिवशी नेहमीपेक्षा हळू वाजवलं.

जेवणं आणि मुक्काम यांवर एक वेगळा लेख होईल, इथे दोन ओळीच. उपासनेनंतर तळघरातल्या हॉलमध्ये प्रत्येक घरून आलेली एकेक थाळी, लांब टेबलावर मांडलेली. आणि दौऱ्यात रात्री कुणाच्यातरी घरी दोघादोघांचा मुक्काम. मी शाकाहारी असेन असं धरून माझ्यासाठी मुद्दाम वेगळं केलेलं जेवण मी कितीदातरी आनंदानं जेवलो आहे. ज्यांना 'इंडिया' म्हणजे काय हे धड ठाऊक नव्हतं, त्यांनी मला अंथरुणावर जास्तीची रजई टाकून दिली.

बेथलेहेमचा ईस्टर मात्र सविस्तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या या गावी मोरेव्हियन या जुन्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची ट्रॉम्बोनांची मंडळी 1754 पासून अखंड चालत आली आहे. पूर्वी गावात कुणी वारलं की चर्चच्या मनोऱ्यातून ही मंडळी तीन चाली वाजवून वर्दी द्यायची. मधल्या चालीवरून कळायचं गेलेलं माणूस कोण: लग्न झालेला पुरुष, विधवा, कुमारिका की मूल. त्यांच्या दफनभूमीत कुटुंबाप्रमाणे कबरी नाहीत, याच गटांप्रमाणे आहेत, आणि सगळे दगड जमिनीलगत सपाट, सारखे. कुणाचा उंच नाही. ईस्टरच्या आदल्या रात्री उशिरा हे वादक गावभर फिरून लोकांना जागं करतात आणि उजाडताना सगळे त्या सपाट दगडांमध्ये उभे राहतात. आम्ही वाजवायला नव्हे, उभे राहायला गेलो होतो. एका कोपऱ्यातून चालीची एक ओळ यायची, दुसऱ्या कोपऱ्यातून पुढची. दवानं बूट ओले झालेले. मला नगरची पहाट आठवत होती: ईस्टरला अंधारात भजन म्हणत निघणारी आमची प्रभातफेरी, टाळ, ढोलकी, आणि सगळ्यात पुढे आजीच्या हातातला कंदील. तिकडे मृतांच्या गावात जाऊन 'तो उठला आहे' हे पितळेनं सांगत होते, इकडे आम्ही ढोलकीनं सांगत होतो. मला त्यात काही परकं वाटलं नाही.

पण मी ज्यासाठी लिहायला बसलो तो दौरा न्यू इंग्लंडचा. मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम टोकाला विल्यम्सटाउन म्हणून गाव आहे. तिथल्या कॉलेजातले पाच विद्यार्थी 1806च्या ऑगस्टात उघड्यावर प्रार्थनेला जमले असताना वादळ आलं, आणि ते गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले. परदेशी जाऊन सुवार्ता सांगावी हा विचार तिथे पक्का झाला, असं मानतात. 1810 साली परदेशी मिशनरी पाठवणारं अमेरिकन बोर्ड स्थापन झालं. त्याच कॉलेजातून 1808 साली पदवी घेतलेले गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट यांच्याबरोबर 1813च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. कंपनी सरकारला ते नको होते, परत पाठवायची खटपट झाली, पण ते राहिले. हॉल 1826 साली नाशिकच्या बाजूला कॉलऱ्यानं गेले. त्यांच्या मागून आलेल्यांनी 1831 साली नगरला ठाणं केलं. मंडळीत मी हे सगळं लहानपणापासून ऐकलेलं. गंजीच्या जागी आता संगमरवरी स्तंभ आहे, वर पृथ्वीचा गोल.

आम्ही तिथे उभे राहून 'ओल्ड हंड्रेथ' वाजवलं. 1551च्या जिनिव्हाच्या स्तोत्रसंग्रहातली ही चाल अमेरिकन प्रॉटेस्टंट मंडळ्यांत दर रविवारी दानाच्या वेळी गातात. साधी, चार ओळींची, प्रत्येक ओळीच्या शेवटी विसावा. मार्च संपत आला होता, गवत अजून पिवळं, वारा इतका की कागद कपड्याच्या चिमट्यांनी स्टँडला लावलेले. ऐकायला आमच्याखेरीज कुत्रा फिरवायला आलेला एक माणूस. मी हॉल यांच्याबद्दल प्रोफेसरांना आदल्या रात्री सांगितलं होतं. ते काही बोलले नव्हते. वाजवून झाल्यावर त्यांनी सगळ्यांना थांबायला सांगितलं आणि म्हणाले, "आता शेवटची ओळ फक्त युफोनियम." मी एकट्यानं ती वाजवली. मामांनी शिकवलं होतं तसा श्वास सरळ ठेवून.

दुसऱ्या दिवशी आम्ही न्यू हॅम्पशायरमधल्या मार्लबरोला पोचलो. मोनॅडनॉकच्या डोंगराजवळचं लहानसं गाव. या गावात 1795 साली सिंथिया फरार जन्मल्या. महाराष्ट्रात त्या शाळेच्या पुस्तकातल्या 'मिस फरार' म्हणून माहीत आहेत, म्हणजे एका ओळीपुरत्या. अमेरिकेतून परदेशी मिशनवर पाठवलेल्या सुरुवातीच्या अविवाहित स्त्रियांपैकी त्या एक. 1827 साली मुंबईत आल्या, मुलींच्या शाळा चालवल्या, 1839 मध्ये नगरला आल्या आणि 1862 साली तिथेच वारल्या. जोतीराव फुल्यांनी त्यांची नगरची मुलींची शाळा पाहिली होती. सावित्रीबाईंनी शिकवण्याचं शिक्षण घेतलं ते त्यांच्याकडे. मिशनऱ्यांबद्दल मतं वेगवेगळी असतात आणि असावीत; माझ्या आजीला अक्षरओळख झाली ती या बाईंनी लावलेल्या झाडाखाली, एवढं मला माहीत आहे, आणि त्याबद्दलची माझी कृतज्ञता मला लपवायची नाही.

त्या गावात आम्ही टिळकांचं एक भजन वाजवलं. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हणून आळवणारी पदं लिहिली, त्यांतलं एक. 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यावर टिळकांची बरीच वर्षं नगरला गेली, आणि आमच्या मंडळीत परदेशी चालींवरची भाषांतरं जितकी गायली जातात त्याहून जास्त प्रेमानं ही पदं गायली जातात. दौऱ्याआधी प्रोफेसरांनी विचारलं होतं की तुमच्याकडचं एखादं गीत बसवायचं का. मी म्हणून दाखवलं, त्यांनी ते कॅसेटवर घेतलं आणि चार आवाजांत लिहून आणलं. वाजवून पाहिलं. सगळे सुर बरोबर, आणि तरी भजन कुठेच नव्हतं. खालच्या आवाजांनी दर दोन मात्रांना स्वरसंघात बदलला की चालीला उभं राहायला जमीनच राहत नव्हती. मी काही बोलायच्या आत त्यांनी स्वतःच कागद उलटा ठेवला. "यातलं आपलं सगळं काढून टाकू," म्हणाले.

मग राहिला तो षड्ज आणि पंचम. ट्यूबा आणि दोन हॉर्न यांनी तो अखंड धरायचा, तंबोऱ्यासारखा. अखंड कसा, माणसाला श्वास लागतोच. तर तिघांनी आळीपाळीनं, कधीही एका वेळी दोघांनी नाही, आणि श्वासानंतर परत येताना जिभेचा धक्का न देता, शेजारच्याच्या स्वरात शिरायचं. पुढे प्रश्न आला मींडेचा, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्याचा. माझ्या युफोनियमवर तीन कळा. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना पायरी दिसायचीच. पेटीवर होतं तेच. तेव्हा चाल ट्रॉम्बोनला दिली. त्या वाद्याला सरकती नळी, तिच्यावर मींड आपोआप निघते. मात्र सगळीकडे नाही: नळी पूर्ण आत ते पूर्ण बाहेर एवढ्यात सहा अर्धस्वर बसतात, त्यापलीकडे गेलं की ओठ बदलावे लागतात आणि मींड तुटते. म्हणून आम्ही षड्ज वरखाली करत राहिलो, जोवर भजनातली ती विनवणीची जागा, जिथे गंधारावरून षड्जावर घसरत यायचं, एका दमात, एका नळीत बसेना तोवर. ज्या मुलीनं मला टेनर क्लेफची वाट दाखवली होती, तीच हे वाजवणार होती. मी रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसून ती ओळ गायचो, ती वाजवायची. ओळीचा अर्थ तिनं पहिल्याच दिवशी विचारून घेतला, आणि कागदावर श्वासाच्या खुणा माझ्या मराठी शब्दांप्रमाणे केल्या.

मार्लबरोच्या चर्चमध्ये त्या सकाळी चाळीसेक माणसं असतील. टाळ्या वाजवायची त्यांची पद्धत नव्हती. आम्ही संपवलं, आणि पाळकांनी पुढचं गीत सांगायला उशीर केला. नंतर दारात एक वयस्क बाई मला म्हणाल्या, "हे गाणं कुणीतरी कुणाला तरी मागतंय, हो ना?" मी हो म्हटलं. त्यांना टिळक कोण, माउली कोण, काही सांगितलेलं नव्हतं.

मामा गेले तेव्हा मी अमेरिकेतच होतो. त्यांचं युफोनियम आता माझ्याकडे आहे, आणि नगरला परतल्यापासून मंडळीतल्या पोरांना घेऊन मी लहानसा ग्रुप चालवतो. ट्रम्पेटवर दोघी बहिणी, ट्रॉम्बोनवर एक इंजिनिअरिंगचा मुलगा. हॉर्न नगरात मिळत नाही आणि वाजवणाराही नाही. तो दुसरा आवाज मी क्लॅरिनेटला लिहून दिला आहे. क्लॅरिनेट वाजवणारे भाऊ लग्नाच्या बँडमधले, ख्रिस्ती नव्हेत, स्टाफ नोटेशन त्यांना येत नाही. मी त्यांचा आवाज सारेगममध्ये लिहून देतो. आयुष्यभर त्यांनी चालच वाजवलेली, वरातीच्या पुढे, सगळ्यांत मोठ्यानं. दुसरा आवाज म्हणजे चालीच्या खाली राहायचं, हे पहिल्या दिवशी त्यांना पटेना. आठवड्याभरानं त्यांनी तालमीत मधेच हात वर केला आणि म्हणाले, "सर, मी थांबतो, तुम्ही एकदा माझ्याशिवाय वाजवा." आम्ही वाजवलं. त्यांनी मान हलवली. "उघडं पडतंय. चला, परत घ्या."

ईस्टर नेमका लगीनसराईत येतो. यंदा आदल्या रात्री भाऊंची श्रीगोंद्याला वरात आहे. पहाटे साडेचारला तिथूनच थेट येतो म्हणालेत, बँडच्या ड्रेसवरच. मी सांगितलं, चालेल.